मुक्काम आणि वाट : फिरत्या मंडळींचे जीवन आणि मराठी गद्य

१

गावोगाव फिरून खेळ करणाऱ्या कलावंतांच्या समूहाला मराठीत जी नावे मिळाली, त्यांतच त्या समूहाच्या जीवनावरचे एक भाष्य दडलेले आहे. संगीत नाटके करणाऱ्यांची 'मंडळी' असते. तमाशा करणाऱ्यांचा 'फड' असतो. 'मंडळी' या शब्दाला मराठी घरात आणखी एक अर्थ आहे. घरची माणसे, आणि विशेषतः पत्नी, यांचा उल्लेख त्या शब्दाने होत आला आहे. 'फड' उसाचा असतो आणि कुस्तीचाही असतो. म्हणजे जेथे अंग झिजवावे लागते आणि जेथे चारचौघांसमोर कस लागतो, अशा दोन्ही जागा त्या एका शब्दात आहेत. नाटक मंडळी गावात उतरली की तिचे 'बिऱ्हाड' लागे. फडाचे बिऱ्हाड लागत नाही. त्याचा तंबू ठोकला जातो, रात्रभर खेळ होतो आणि उजाडता उजाडता तो उठतो. एका शब्दकुळात घर आहे, दुसऱ्यात रान आहे.

मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिताना प्रथम प्रयोगाची तारीख, नाटककाराचे नाव आणि प्रमुख नटांच्या भूमिका यांवर भर दिला गेला. हे स्वाभाविकही आहे. परंतु प्रथम प्रयोग एकदाच होतो. त्यानंतरचे शेकडो प्रयोग दूरदूरच्या गावी, भाड्याच्या नाट्यगृहांत किंवा उभारलेल्या मांडवांत होतात, आणि कलावंताचे आयुष्य खऱ्या अर्थाने त्या प्रयोगांत आणि त्यांच्या मधल्या दिवसांत सरते. हे आयुष्य नाट्येतिहासात फारसे येत नाही. ते येते नटांच्या आत्मचरित्रांत, तमाशाविषयीच्या कादंबऱ्यांत आणि दलित व भटक्या समाजांतील आत्मकथनांत. या तीन प्रकारच्या लेखनांत फिरतीची तीन निराळी रूपे दिसतात. पहिल्यात मुक्काम दिसतो, दुसऱ्यात वाट दिसते आणि तिसऱ्यात वाट पाहणे दिसते. हा भेद केवळ लेखनप्रकारांचा नाही. फिरतीवर निघालेला माणूस गावात कोणत्या दाराने शिरतो, त्या दाराशी त्याची जात कोणती मानली जाते आणि त्याच्या मागे घरी कोण राहते, यांवर तो अवलंबून आहे. या ग्रंथांचे एकत्रित वाचन केल्याशिवाय तो ध्यानात येत नाही.

२

फिरती ही मराठी नाट्यव्यवसायाने हौसेने पत्करलेली गोष्ट नव्हे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले, ते संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि तो आश्रय सुटला. भाव्यांना आपला संच घेऊन बाहेर पडावे लागले. १८५३ मध्ये त्यांच्या मंडळीचे खेळ मुंबईत झाले. मुंबई आणि ठाणे यांच्यामध्ये आगगाडी धावू लागली, तेच हे वर्ष. हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे, कारण पुढील पाऊणशे वर्षे मराठी नाटक मंडळ्यांचा संसार आगगाडीच्या रुळांच्या आधाराने हिंडत राहिला.

आश्रयदात्याच्या जागी तिकीट काढणारा प्रेक्षक आला, तेव्हा नाटकाचे अर्थकारणच पालटले. एखाद्या गावात नाटक पाहणारी माणसे मोजकी असत. एकच नाटक पुनःपुन्हा पाहणारे रसिक असले, तरी काही आठवड्यांत उत्पन्न उतरणीला लागे, आणि मग मुक्काम हलवावा लागे. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले. त्यातून उभी राहिलेली किर्लोस्कर नाटक मंडळी, १९०८ मध्ये हुबळीस केशवराव भोसले यांनी काढलेली ललितकलादर्श, १९१३ मधील गंधर्व नाटक मंडळी, १९१८ मधील बलवंत संगीत मंडळी, या साऱ्यांची घडण या फिरतीवर झाली. मराठीतील एका अग्रगण्य मंडळीचा जन्म हुबळीस व्हावा, याचे आज नवल वाटते. तेव्हा ते कोणाला वाटले नसावे. भाषावार प्रांतरचना अजून दूर होती. हुबळी, धारवाड, बेळगाव या पट्ट्यात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांच्या मंडळ्यांचा वावर होता, आणि इकडे बडोदे, इंदूर, नागपूर, हैदराबाद येथपर्यंत मराठी नाटकांचा प्रेक्षक पसरलेला होता. कन्नड मुलखात १८८४ साली स्थापन झालेली गुब्बीची मंडळी अशीच गावोगाव हिंडत मोठी झाली.

मुक्काम हलवणे म्हणजे एक लहानसे गावच हलवणे असे. व्यवस्थापक आधी पुढे जाऊन नाट्यगृह आणि उतरण्याची जागा ठरवी. मागून रंगवलेले पडदे, कपड्यांच्या पेट्या, ऑर्गन, तबले, स्वयंपाकाची मोठी भांडी असे सामान आगगाडीने येई आणि स्टेशनापासून बैलगाड्यांतून बिऱ्हाडी पोहोचे. नट, वादक, पडदे ओढणारे, कपडेपटावरचे, आचारी, पाणके अशी सारी माणसे एका छपराखाली राहत. जेवणाची पंगत एक असे, तरी पंगतीतील जागा मात्र ठरलेल्या असत. गोड गळ्याची लहान मुले 'पोटावारी' ठेवली जात. त्यांना वेतन नसे, अन्नवस्त्र आणि शिक्षण मिळे. सकाळी तालीम, दुपारी विश्रांती, रात्री उशिरापर्यंत चालणारा प्रयोग, असा दिवसाचा क्रम कोणत्याही गावी सारखाच राही. गाव बदले, दिनक्रम बदलत नसे. पुढे नटांनी लिहिलेल्या आत्मचरित्रांच्या रचनेवर या गोष्टीचा खोल परिणाम झालेला दिसतो.

३

गणपतराव बोडस यांचे 'माझी भूमिका' १९४० मध्ये, गोविंदराव टेंबे यांचे 'माझा जीवनविहार' १९४८ मध्ये आणि चिंतामणराव कोल्हटकर यांचे 'बहुरूपी' १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. 'बहुरूपी'ला १९५८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुरस्कारयोजना सुरू होऊन अवघी काही वर्षे झाली असताना एका व्यावसायिक नटाच्या आत्मचरित्राचा असा गौरव व्हावा, ही घटना मराठी गद्यातील या प्रवाहाचे बळ दाखवणारी आहे.

या तीन ग्रंथांची शीर्षकेच त्यांच्या लेखकांची जीवनदृष्टी सांगतात. 'भूमिका' म्हणजे नटाने वठवलेले पात्र आणि माणसाने घेतलेला पवित्रा, असे दोन्ही. बोडसांच्या रोखठोक लेखनाला हा श्लेष शोभून दिसतो. 'विहार' या शब्दात स्वैर हिंडण्याचा आनंद आहे. टेंबे नट, संगीतरचनाकार, हार्मोनियमवादक आणि लेखक अशा अनेक प्रांतांत वावरले आणि १९३२ साली 'अयोध्येचा राजा' या बोलपटात हरिश्चंद्रही झाले. 'बहुरूपी' हे शीर्षक मात्र अधिक धाडसी आहे. बहुरूपी हा खेड्यापाड्यांतून सोंगे घेऊन दारोदार हिंडणारा लोककलावंत. प्रतिष्ठित संगीत रंगभूमीवरील नटाने स्वतःला त्याच्या पंगतीस बसवावे, यात विनय आहे आणि व्यवसायाचे नेमके भानही आहे. कितीही मोठे नाव झाले, तरी सोंग घेऊन दुसऱ्याच्या दारी जायचे हे दोघांचेही प्राक्तन आहे, असे ते शीर्षक सुचवते.

या आत्मचरित्रांत काळ मोजला जातो तो वर्षांपेक्षा मुक्कामांनी. अमुक नाटक बसले ते अमक्या मुक्कामी, अमका नट सोडून गेला तो तमक्या मुक्कामी, अशी या आठवणींची ठेवण आहे. प्रवास हा बहुधा दोन मुक्कामांमधला पूल म्हणून येतो आणि एखाद्या वाक्यात संपतो. याचे कारण उघड आहे. मंडळी एका गावाहून दुसऱ्या गावी जाई, तेव्हा तिचे घर तिच्याबरोबरच जाई. प्रवासात घर सुटल्याची जाणीव नसेल, तर त्या प्रवासाविषयी लिहिण्यासारखे फारसे उरत नाही.

घर या कल्पनेचा पगडा या लेखनावर इतका आहे की मंडळीचे वर्णन सातत्याने एकत्र कुटुंबाच्या भाषेत होते. मालक वडीलकीच्या नात्याने वागतो, नव्या मुलांना शिकवतो, आजारीपाजारी माणसाचे पाहतो. आणि त्याच अधिकाराने हिशेब मागण्याचे कारण नाही असेही मानतो. त्यामुळे या ग्रंथांतील खरे नाट्य 'मंडळी फुटणे' या प्रसंगात आहे. किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून १९१३ मध्ये बालगंधर्व, टेंबे आणि बोडस यांनी गंधर्व मंडळी काढली. १९१८ मध्ये दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी बलवंत मंडळी उभी केली, तीही तशीच. भाऊबंदांच्या वाटणीत जो कडवटपणा असतो, आणि तरीही जी माया शिल्लक राहते, ती या प्रसंगांच्या लेखनात उतरली आहे. मराठी कौटुंबिक कादंबरीने एकत्र कुटुंबाच्या विघटनाचे जे चित्रण केले, त्याच्या शेजारी ही पाने ठेवून वाचण्याजोगी आहेत.

परंतु कुटुंबाचे रूपक जितके उजळते तितकेच झाकतेही. कुटुंबप्रमुखाने लिहिलेल्या घराच्या इतिहासात माजघरातील माणसे जशी पुसट असतात, तशी येथेही ती पुसट आहेत. पडदे ओढणारे, सामान वाहणारे, पोटावारी राहून पुढे आवाज फुटल्यावर निरुपयोगी ठरलेली मुले यांची नावे क्वचित येतात. स्त्रीभूमिका पुरुषच करीत असल्यामुळे या लेखनात स्त्रीच्या चालण्याबोलण्याविषयी, वेषभूषेविषयी सूक्ष्म विवेचन आहे. मात्र दूरच्या गावी राहिलेल्या किंवा बिऱ्हाडाच्या आतल्या खोल्यांतून संसार रेटणाऱ्या प्रत्यक्ष स्त्रिया त्या मानाने फार थोड्या दिसतात. दीनानाथांनी 'भावबंधन'मध्ये लतिका रंगवली आणि चिंतामणरावांनी घनश्याम. राम गणेश गडकरी हे नाटक पुरे करून २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे निवर्तले. या नाटकाने एका मंडळीला अनेक मुक्काम तारले, हे नाट्येतिहास जाणतो. त्या मुक्कामांत घरी मनिऑर्डर वेळेवर पोहोचली की नाही, हा प्रश्न त्या इतिहासाने विचारला नाही.

या संदर्भात विश्राम बेडेकर यांच्या 'एक झाड आणि दोन पक्षी' या ग्रंथाचे स्थान वेगळे आहे. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि पुढील वर्षी अकादमी पुरस्कार मिळालेल्या या आत्मचरित्रात बेडेकर स्वतःविषयी तृतीय पुरुषात लिहितात. बलवंत मंडळीच्या अखेरच्या पर्वात 'ब्रह्मकुमारी'चे नाटककार म्हणून आणि नंतर 'कृष्णार्जुन युद्ध' या चित्रपटाच्या निमित्ताने त्यांचा तिच्याशी संबंध आला. कोल्हटकर आणि बेडेकर यांनी एकाच घराची पडझड पाहिली. एकाने आतून, दुसऱ्याने उंबऱ्यावरून. उपनिषदातील दोन पक्ष्यांपैकी एक फळ खातो आणि दुसरा नुसता पाहतो. त्या पाहणाऱ्या पक्ष्याची दृष्टी बेडेकरांच्या गद्याला लाभल्यामुळे कुटुंबाच्या रूपकाचा मोह त्यांना पडत नाही. कोल्हटकरांच्या लेखनातील ऊब मात्र तेथे नाही, आणि ती उणीव या अलिप्ततेची किंमतच म्हणावी लागते. बोलपट आले, दौरे न परवडणारे झाले, मंडळ्या बसल्या, ही हकीकत दोन्ही दृष्टींनी उपलब्ध असणे हे मराठी वाचकाचे भाग्य आहे.

४

अन्य भारतीय भाषांतील अशा लेखनाकडे पाहिले असता मुक्कामप्रधान दृष्टी ही केवळ मराठी नटांची नाही, हे लक्षात येते. गुजराती रंगभूमीवर स्त्रीभूमिकांनी गाजलेले जयशंकर 'सुंदरी' यांचे 'थोडां आंसु, थोडां फूल' किंवा पारशी कंपन्यांसाठी नाटके लिहिणारे राधेश्याम कथावाचक यांचे 'मेरा नाटक काल' यांतही केंद्रस्थानी कंपनी आहे, तिचे मालक आहेत, गाजलेले खेळ आहेत. अपवाद दिसतो तो बंगालीत, आणि तो एका स्त्रीच्या लेखनात. विनोदिनी दासी लहान वयातच कोलकात्याच्या एका नाटकसंचाबरोबर उत्तर भारताच्या दौऱ्यावर गेल्या होत्या. लखनौ येथे 'नीलदर्पण'च्या प्रयोगात मळेवाल्या गोऱ्या साहेबाला रयतेकडून मार बसतो, तो प्रसंग चालू असताना प्रेक्षकांतील गोरे सैनिक रंगमंचावर धावून आले आणि संचाला जीव मुठीत धरून गाव सोडावे लागले. विनोदिनींच्या आठवणींत हा प्रसंग भीतीसकट येतो. परके गाव, रात्रीची वेळ आणि रंगमंचाच्या पलीकडे असलेला अनोळखी जमाव यांची जाणीव तेथे तीव्र आहे.

घर बरोबर घेऊन फिरणाऱ्याला मुक्काम आठवतो. ज्याला, किंवा जिला, परके गाव सुरक्षित नसते, तिला वाट आठवते. हाच निकष तमाशाविषयीच्या मराठी लेखनाला लावून पाहता येतो.

५

तमाशाच्या फडाची फिरती निराळ्या पंचांगाने चालते. दसऱ्याच्या सुमारास फड बाहेर पडतात आणि चैत्र-वैशाखातील जत्रायात्रांनी हंगाम संपतो. जत्रेसाठी गावकरी पंच येऊन सुपारी देतात. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे या व्यवहारासाठी फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. पावसाळ्याचे महिने रिकामे. त्या महिन्यांत पोट भरण्यासाठी कलावंत फडमालकाकडून 'उचल' घेतात आणि येणारा हंगाम त्या उचलीपोटी आधीच विकला जातो. नाटक मंडळीतला मुलगा पोटावारी बांधला जाई. फडातला कलावंत उचलीने बांधला जातो. गण, गवळण, बतावणी आणि वग असा खेळ पहाटेपर्यंत चालतो. मग कनाती उतरवायच्या, ट्रक भरायचे आणि सामानावरच अंग टाकून पुढचे गाव गाठायचे. येथे मुक्काम उरतच नाही. एका रात्रीचा तळ आणि पुन्हा वाट, एवढेच फडाच्या नशिबी असते.

दोन्ही समूहांनी बहुतांशी एकाच मुलखात खेळ केले आणि बहुधा एकाच प्रेक्षकाचे रंजनही केले. तरी एकाच्या कलेला रंगभूमी म्हटले गेले आणि दुसऱ्याच्या कलेला लोककला. तमाशाचे कलावंत प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी, डोंबारी या समाजांतून आले, ही बाब या नामकरणाशी निगडित नाही असे म्हणता येणार नाही. नाटक मंडळीच्या नटाला गावातील प्रतिष्ठितांच्या घरी जेवणाचे आमंत्रण असे. फडाचा तळ गावाबाहेर असे, आणि रात्री ज्या कलावंतिणीवर दौलतजादा उधळला जाई, तिला त्याच गावच्या पाणवठ्यावर दिवसा मज्जाव होऊ शके.

अण्णाभाऊ साठे यांची 'वैजयंता' ही कादंबरी या जीवनाला मराठी कादंबरीच्या मध्यभागी आणणारी आहे. १९६१ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. अण्णाभाऊ स्वतः वग आणि पोवाडे लिहिणारे, गावोगाव कलापथक नेणारे शाहीर. त्यामुळे तमाशातील स्त्रीला ते दयेचा विषय करीत नाहीत. तिची कला हा तिचा स्वाभिमान आहे, आणि तिच्यावरील संकटे बाहेरून येतात, या धारणेवर त्यांची कथा उभी आहे. या धारणेमुळे कथानकात खलनायक ठळक होतात आणि फडाच्या रोजच्या अर्थकारणाकडे थोडे दुर्लक्ष होते, ही तिची मर्यादा होय. तथापि कलावंतीण ही माणूस म्हणून ताठ उभी राहते, हे त्या काळाच्या संदर्भात लहान काम नव्हते.

आनंद यादव यांच्या 'नटरंग'ने हा प्रश्न अधिक आत नेला. शेतमजुरी करणारा, कसलेल्या अंगाचा गुणा तमाशाच्या वेडाने फड उभा करतो. राजाची भूमिका करावी अशी त्याची हौस. पण फडाला नाच्या हवा, आणि तो मिळत नाही. अखेर गुणाच नाच्या होतो. पैलवानी शरीर झिजवून, वळवून, त्यातून बायकी ठेवण घडवण्याची ही साधना कोणत्याही अभिजात कलावंताच्या साधनेइतकीच खडतर आहे. येथे संगीत रंगभूमीची आठवण अटळ आहे. बालगंधर्वांचे रूप आणि चालणे पाहून प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनी आपली वेषभूषा बदलली. पुरुषाने स्त्री होणे ही एका रंगमंचावर कलेची परमावधी ठरली आणि दुसऱ्या रंगमंचावर टवाळीचा विषय. 'नटरंग'ची शोकात्मता केवळ लिंगभावाच्या प्रश्नातून आलेली नाही. ती या दुहेरी मापातूनही आलेली आहे. गुणाची वाट जसजशी लांबत जाते, तसतसे त्याचे घर त्याच्यापासून तुटत जाते. बोडस-टेंब्यांच्या आत्मचरित्रांत घर फिरतीबरोबर चालत असे. येथे प्रत्येक पडाव माणसाला घरापासून आणखी थोडे दूर नेतो. १ जानेवारी २०१० रोजी प्रदर्शित झालेल्या चित्रपटाने गुणाला मोठा प्रेक्षक मिळवून दिला. परंतु पडद्यावर लावण्यांच्या झगमगाटात वाटेचा शीण लपतो, तो कादंबरीच्या ग्रामीण बोलीतील गद्यात लपत नाही.

या संदर्भात विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्याविषयी सांगितल्या जाणाऱ्या एका प्रसंगाचा विचार करणे अगत्याचे आहे. १९३५ मध्ये पंढरपूर येथे जन्मलेल्या आणि २००२ मध्ये निवर्तलेल्या या थोर कलावतीविषयी असे सांगितले जाते की, गरोदरपणाचे दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या होत्या. कळा सुरू झाल्यावर पडद्यामागे जाऊन प्रसूत झाल्या आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या. ही हकीकत लेखांतून, भाषणांतून कलानिष्ठेचा परमोच्च नमुना म्हणून वारंवार येते. विठाबाईंच्या असामान्य धैर्याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. परंतु ही कथा ज्या भक्तिभावाने सांगितली जाते, त्यात एक प्रश्न बुडून जातो. दिवस भरलेली स्त्री त्या रात्री बोर्डावर का होती? खेळ बंद पडला तर सुपारी बुडते, उचल फिटत नाही, फडातील साऱ्या माणसांची चूल विझते; म्हणून ती तेथे होती. कलानिष्ठेचे कौतुक करताना त्या निष्ठेचा भार कोणाच्या देहावर पडला, हे न पाहणारी रसिकता अपुरी आहे. साहित्यसमीक्षाही या अपुरेपणातून पूर्णतः मुक्त राहिलेली नाही.

६

किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा फिरतीच्या मराठी लेखनाला सर्वस्वी नवा कोन मिळाला. येथे कथन करणारा फिरतीवर नाहीच. तो मागे राहिलेला मुलगा आहे. आई नाचण्यासाठी बाहेरगावी. मूल सोलापूर जिल्ह्यातील नेरले या गावी आजोबांच्या घरी. कोल्हाटी समाजात नाचणाऱ्या मुलीच्या कमाईवर बाप आणि भाऊ यांचे घर चाले. तिने कोणाचा आधार घेऊन संसार मांडला, तर ती कमाई थांबे. या व्यवहारात तिच्या मुलाची जागा कोणती, हा या पुस्तकाचा मूळ प्रश्न आहे.

मराठीत 'वाट' या शब्दाला दोन क्रियापदे सहज जोडली जातात. वाट चालणाऱ्याची असते, तशी पाहणाऱ्याचीही असते. मंडळीच्या आत्मचरित्रांनी पहिलीचे ओझरते, आणि तमाशाच्या कादंबऱ्यांनी तिचे सविस्तर वर्णन केले होते. दुसरीचे वर्णन मराठी गद्यात इतक्या थेटपणे प्रथमच येते. आई येते, काही दिवस राहते, जाते. पुन्हा कधी येईल हे मुलाला ठाऊक नसते. तिच्या फिरतीचा तपशील, तिचे नृत्य, तिच्या सहकारी स्त्रिया, यांपैकी पुष्कळसे मुलाला दुरून आणि तुकड्यातुकड्यांनी कळते. त्यामुळे फिरती येथे अनुपस्थितीच्या रूपाने व्यक्त होते. घरातील मारझोड, राबणूक, शाळेची ओढ आणि पुढे वैद्यकीय शिक्षणापर्यंतचा प्रवास हा पुस्तकाचा दृश्य भाग. त्याच्या पाठीशी आईविषयीची तक्रार आणि आईविषयीची माया यांचा न सुटणारा गुंता आहे.

या पुस्तकाची भाषा साधी आहे, घटनांची मांडणी बरीचशी सरळ कालक्रमानुसार आहे, आणि काही प्रसंगांत भावना आवरलेली नाही. सौंदर्यवादी निकषांनी त्याचे मोजमाप करू पाहणाऱ्या समीक्षकाला त्यात उणिवा सापडतील. परंतु या लेखकाने एक गोष्ट अशी केली आहे की जी मोठ्या शैलीकारांनाही साधली नव्हती. वडिलांच्या नावाच्या जागी त्याने आईचे नाव लावले. ज्या स्त्रीचे नाव फडाच्या जाहिरातीत झळकते, ते सरकारी कागदावर कोठेच नसते. ते पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, लेखकाच्या नावाच्या मध्यभागी आले. संगीत रंगभूमीवरील नटांच्या आत्मचरित्रांत मागे राहिलेल्या माणसांचे जे स्थान रिकामे होते, ते येथे एका वेगळ्या समाजातील मुलाने आपल्या अनुभवाने भरून काढले आहे. २००७ मध्ये काळे यांचे अकाली निधन झाले. पण पुढे फिरत्या कलावंतांच्या मुलांविषयी मराठीत जे लिहिले जाईल, त्याला या पुस्तकाची दखल घेतल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

७

मुक्काम, वाट आणि वाट पाहणे या तीन टप्प्यांनी पाहिले असता या लेखनाचा क्रम केवळ कालानुक्रम उरत नाही. नटमालकाने लिहिले, मग कादंबरीकाराने लिहिले, मग मागे राहिलेल्या मुलाने लिहिले. प्रत्येक टप्प्यावर कथनाचा अधिकार खाली उतरत गेला आणि प्रत्येक वेळी फिरतीचा आधी न दिसलेला भाग उजेडात आला. या क्रमात एक जागा मात्र अद्याप पुरती भरलेली नाही, आणि ती फडातील स्त्रीने स्वतः लिहिलेल्या आत्मकथनाची आहे. चित्रपट-अभिनेत्री हंसा वाडकर यांचे अरुण साधू यांनी शब्दबद्ध केलेले 'सांगत्ये ऐका' १९७० मध्ये आले, त्याचे शीर्षकही त्यांनी पडद्यावर साकारलेल्या तमाशातील स्त्रीच्या १९५९ मधील चित्रपटाचे होते. प्रत्यक्ष फडातील स्त्रियांचे जीवन बहुतेक वेळा चरित्रकारांच्या, मुलाखतकारांच्या किंवा मुलांच्या लेखणीतून आले. त्या लेखनाचे मोल मोठे आहे. तरीही सांगणारीचे शब्द आणि लिहिणाऱ्याचे शब्द यांतील अंतर अभ्यासकाने सतत ध्यानात ठेवले पाहिजे.

दरम्यान फिरतीचे स्वरूपही बदलले. महिनोन्‌महिने चालणारा नाटक मंडळीचा मुक्काम स्वातंत्र्योत्तर काळात नाहीसा झाला. व्यावसायिक नाटकाचा संच बसने निघतो, प्रयोग करून रात्रीच परततो किंवा पुढच्या गावी जातो. प्रभाकर पणशीकरांसारख्या नटनिर्मात्यांनी 'तो मी नव्हेच'चा फिरता रंगमंच गावोगाव नेला, तेव्हा सामान वाहण्याचे जुने दिव्य नव्या रूपात पुन्हा उभे राहिले. बिऱ्हाड मात्र परत आले नाही. म्हणजे प्रतिष्ठित नाटकाची फिरतीही काहीशी फडाच्या वाटेवर आली. फडांचे हाल त्याहून अधिक झाले. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी साथीमुळे जत्रा भरल्या नाहीत, सुपाऱ्या आल्या नाहीत, आणि घेतलेल्या उचली तशाच अंगावर राहिल्या. त्या दोन हंगामांचे साहित्य अजून लिहिले जायचे आहे.

ते लिहिले जाईल तेव्हा जाईल. तोवर उपलब्ध ग्रंथांचे वाचन नव्या प्रश्नांसह होणे आवश्यक आहे. ग्रंथालयांत 'बहुरूपी' नाट्यविषयक कपाटात असते, 'नटरंग' कादंबऱ्यांत आणि 'कोल्हाट्याचं पोर' दलित व भटक्या समाजांच्या आत्मकथनांत. कपाटांची ही विभागणी सोयीची आहे. मात्र एकाच व्यवसायाची, एकाच मुलखातील ही तीन चित्रे तिच्यामुळे एकमेकांसमोर येत नाहीत. साहित्याच्या विद्यार्थ्याने ही तीन पुस्तके एका टेबलावर ठेवावीत. मग 'बहुरूपी'तील मुक्कामांची नावे वाचताना, त्या गावांच्या वेशीबाहेर त्याच सुमारास कोणाचा तळ पडला असेल, आणि त्या तळावरच्या बाईची कोणत्या गावी कोणी वाट पाहत असेल, हा प्रश्न त्याला आपोआप पडेल.